नाव कमी करणेबाबत

सोनकांबळे काका 'हरकत नाही' असं कधीच म्हणत नसत. चहा घेणार का विचारलं तर 'चालंल' म्हणत. खोलीचं भाडं चार दिवस उशिरा दिलं तर चालेल का, असं मी पहिल्याच महिन्यात घाबरत विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. तो शब्द असा जाता-येता उडवायचा नसतो, हे त्यांचं पक्कं मत होतं.

"हरकत ही नागरिकाची चीज हाय, बाई. असली तर घ्यावी, नसली तर गप बसावं. दिवसभर 'हरकत न्हाई, हरकत न्हाई' करत फिरणाऱ्या माणसाची खरी हरकत मग कोण ऐकंल?"

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. लातूरपासून तासाभरावर तालुक्याचं एक गाव आहे, तिथल्या नगरपरिषदेत आलेले अर्ज नोंदवून पोच द्यायच्या टेबलावर मला कंत्राटी नोकरी लागली होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आता मलाही ओळखतात. त्याआधीचं माझं सगळं आयुष्य नांदेडला गेलेलं, शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी ही घरात बोलायची भाषा. कचेरीतली मराठी ही आणखी तिसरीच भाषा असते, हे तिथे गेल्यावर कळलं. मी मुळात कमी बोलते, त्या टेबलामागे बसून आणखी कमी बोलायला लागले. ऐकायला मात्र भरपूर मिळालं.

काका नांदेडला रेल्वेत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहिले होते. उंच, खांद्यातून जरा वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं लिहायला, काळं सहीला. घरात ते मला 'बाई' म्हणत. जिन्याखालून हाक यायची, "ए बाई, काय करलालीस? भाकर झाली, ये." कचेरीत तेच काका माझ्या टेबलासमोर उभे राहिले की कधी भेटलोच नाही असा चेहरा करून म्हणत, "म्याडम, एवढा अर्ज आवक करून घ्या. अन् पोच द्या." पोच दिली की ती दोन्ही बाजूंनी वाचत, घडी करून खिशात ठेवत आणि संध्याकाळी जिन्यात मला विचारत, "आज कचेरीत काय नवीन?"

भाकरी ते स्वतः थापत. बायको गेल्यावर शिकले होते. एकही भाकरी गोल होत नसे. "नकाशा झालाय," असं म्हणून ताटात टाकत. "खा, भूगोल पक्का होईल."

नगरपरिषदेनं कुठलाही नवा नियम करायचा तर त्याचा मसुदा आधी नोटीस बोर्डावर लावावा लागतो आणि लोकांकडून 'हरकती व सूचना' मागवाव्या लागतात. लोक काही पाठवत नाहीत. लोकांना बोर्डाच्या सावलीत मोटारसायकल लावायची असते. मुदत संपली की फाइलवर एक वाक्य लिहायचं, 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही', आणि फाइल पुढे पाठवायची. पण काका निवृत्त होऊन आल्यापासून ते वाक्य कुणालाच लिहिता आलं नव्हतं, असं आस्थापनेतले जुने लोक सांगत. भाजी विकायला बसणाऱ्या बायकांच्या जागेची पावती असो की रिक्षा उभ्या करायची जागा, काकांची हरकत यायचीच. त्यांना गावात 'हरकतवाले' म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना ते आवडत असावं.

मी यायच्या आधीची एक गोष्ट कचेरीत सगळे सांगायचे. पाण्याच्या नियमांत एक कलम घातलं होतं की घरगुती नळाच्या पाण्यानं जनावरं धुणं आणि जनावरांना पाणी पाजणं यावर दंड होईल. काकांची हरकत आली. 'धुण्याबाबत माझे म्हणणे नाही. पाजण्याबाबत आहे. म्हैस ही या गावची रहिवासी असून तिला लेखी हरकत घेता येत नसल्यामुळे तिच्या वतीने मी खाली सही करणार ही हरकत घेत आहे.' सभेत वाचून दाखवल्यावर सभागृह हसून लोळलं. एकानं विचारलं, "काका, म्हशीचं वकीलपत्र घेतलंय का?" काका म्हणाले, "हाव. अन् तुमच्या दारात दोन बांधलेल्या हायत, त्यांनी पण दिलंय." हसता हसता सभेनं 'पाजणे' हा शब्द खोडला. तो खोडलेलाच राहिला. गावातल्या म्हशी अजून नळाचं पाणी कायदेशीर पितात.

मी राहायला गेले त्याच महिन्यात पाणीपट्टीची बिलं वाटायला शेखमामू आले. शेखमामू नगरपरिषदेचे वॉलमन. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते व्हॉल्व्ह फिरवायचं काम त्यांचं, आणि वर्षातून एकदा बिलं वाटायचंही. त्यांची पद्धत जुनी होती. कडी वाजवत नसत. सायकल दारासमोर उभी करायची, गठ्ठ्यातलं वरचं बिल डोळ्यांजवळ धरायचं आणि त्यावर छापलेलं अख्खं नाव मोठ्यानं वाचायचं. त्या गल्लीत कुणाचं पूर्ण नाव काय हे सगळ्यांना त्यांच्यामुळेच माहीत होतं.

मी जिन्यात होते. शेखमामू ओरडले, "शेषाबाई दिगंबर सोनकांबळे!"

आतून काकांचा आवाज आला, "हाय. घरातच हाय." आणि ते लगबगीनं बाहेर आले. आधीच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बिल हातात घेतलं, नाव वाचलं, शेखमामूंना पाणी दिलं आणि तशीच चप्पल घालून पाणीपट्टी भरायला निघाले. गावात पाणीपट्टी भरणारा पहिला माणूस दरवर्षी तेच.

मला वाटलं, घरात काकू आहेत. आजारी असतील, आतल्या खोलीत पडून असतील, म्हणून दिसल्या नसतील. विचारायचा धीर होत नव्हता. मी काही दिवस खालून येणाऱ्या आवाजांकडे कान देत राहिले. खोकल्याचा, बांगड्यांचा, कसलाच दुसरा आवाज येत नव्हता. पुढच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. कपाटात पितळी डब्यांच्या शेजारी एका बाईचा फोटो नुसता टेकवून ठेवलेला होता. त्याला हार नव्हता. त्यामुळे फोटोतल्या बाई हयात आहेत, असंच मी धरून चालले.

त्याच सुमारास माझ्या टेबलावर एक अर्ज आला. विषय, नाव कमी करणेबाबत. मी तो दोनदा वाचला. अर्जदाराचं नाव बरंच लांब होतं, त्यामुळे मला वाटलं, त्याला ते छोटं करून हवंय. आमच्या वर्गात मुली करायच्या तसं. कुणाला विचारावं कळेना. संध्याकाळी जिन्यात काकांना विचारलं.

काका आधी हसले. खूप हसले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. शेजारच्या बेगमखालालाही भिंतीवरून सांगितलं, "खाला, हमारे म्याडम कू लगा नाम छोटा करनेका है!" मग हसणं थांबलं आणि ते खालच्या पायरीवर बसले.

"कमी करणं म्हंजे काढून टाकणं, बाई. माणूस गेलं की त्याचं नाव कमी करतात. रेशन कार्डातून, मतदार यादीतून. तिचं सगळ्यांनी कमी केलं. रेशनवाल्यानं केलं, गॅसवाल्यानं केलं, बँकेनं तर दंडेलशाही केल्यागत केलं. मीच अर्ज दिले, मीच सह्या केल्या. घराच्या उताऱ्यावरनं पोरीच्या सांगण्यावरनं कमी केलं. आता एक नळ राहिलाय."

शेषाकाकू जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

नळ काकूंच्या नावावर असायचं कारण काका फार रंगवून सांगत, काकूंचा आवाज काढून. नळयोजना गावात पहिल्यांदा आली तेव्हा काका नांदेडला नोकरीवर, सुट्टीलाच घरी यायचे. घर बांधून घेतलं काकूंनी. भिंतींवर पाणी मारायला विहिरीवरून घागरी आणल्या त्यांनीच. नळासाठी अर्ज द्यायला त्या कचेरीत गेल्या, तर तेव्हाच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "घरात माणूस न्हाई का?"

"मग ही कोण बोललाली?" काकू म्हणाल्या. "म्हैस?"

सुट्टीला घरी आल्यावर काकांनी नुसतं सुचवून बघितलं, की अर्ज आपल्या नावानं केला तर बरं पडेल, सरकारी नोकरी आहे, काम लवकर होईल. काकूंनी भाकरी थापता थापता सांगितलं, "तुमी नांदेडात बसून कशाचे मालक? पाणी मी भरते. नळ माझ्या नावचा."

गल्लीतला तो पहिला नळ होता. शेजारच्या बेगमखालाकडे तेव्हाही नळ नव्हता आणि मी होते तेव्हाही नव्हता. तिच्या घराची कागदं कुठल्यातरी जुन्या वादात अडकलेली होती, त्यामुळे तिला जोडणी मिळत नव्हती. काकूंनी पहिल्याच दिवशी भिंतीवरून एक रबरी नळी तिच्या अंगणात सोडली. आपली भांडी भरून झाली की नळी तिकडे. आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी सुटायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पण तो क्रम कधी मोडला नाही. काकूंनंतर काका तोच पाळत होते.

मग नवे नियम आले.

नव्या योजनेची अट होती की पाण्याचा खर्च पाण्याच्या उत्पन्नातून निघाला पाहिजे. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात समिती बसली. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला. मुख्याधिकारी तरुण होते, साधे आणि कामसू. त्यांनी सांगितलं की पट्टी वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. पाणीपुरवठा सभापती खुर्चीत सरकून बसले.

"साहेब, निवडणूक तोंडावर हाय. पाण्याचा भाव वाढवला तर लोक आमालाच पाण्यात बघतील."

सगळे हसले. साहेबही हसले. चहा आला. मग हिशेबनीसांनी मधला रस्ता काढला. पट्टी थोडीशीच वाढवायची. त्याऐवजी इतर फिया लावायच्या, नवी जोडणी, तोडणी, तोडलेली परत जोडणी, नावबदल. "पट्टी वाढली की सगळा गाव एकदम बोंबलतो. फी ज्याची त्याला लागते, ज्याची तोच बोंबलतो." हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला ते टिपणात लिहावं की नाही कळेना. शहराचा कारभार कसा चालतो ते मला त्या वाक्यात एकदम समजलं.

"नावबदलाचं कराच," साहेब म्हणाले. "निम्मं गाव मयतांच्या नावावर पाणी पितंय. नोटीस कुणाला काढायची? थकबाकी कुणाकडून वसूल करायची?"

आणि कलम तयार झालं. जोडणीधारक मयत झाल्यास वारसानं मुदतीत अर्ज करून मयताचं नाव कमी करून घ्यावं. न केल्यास जोडणी अनधिकृत समजून तोडण्यात येईल. ते चूक होतं असं आजही मला म्हणता येत नाही. साहेबांचं म्हणणं बरोबरच होतं.

मसुदा बोर्डावर लागला. काका चष्मा वर-खाली करत तो उभ्यानं वाचत होते. मला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. वाचून झाल्यावर ते नेहमीसारखे आत आले नाहीत. त्या संध्याकाळी जिन्याखालून हाकही आली नाही.

हरकत आली ती मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी. एरवी पहिल्या दिवशी यायची. चारच ओळी होत्या. 'नळ पाणी देतो ते घराला देतो. धारक मयत असून पट्टी थकवीत असेल तर जोडणी जरूर तोडावी. परंतु धारक मयत असून पट्टी वेळेवर भरीत असेल तर नगरपरिषदेला तिच्यापासून काय त्रास आहे, याचा खुलासा व्हावा.'

'त्याच्यापासून' नव्हे, 'तिच्यापासून'. मी शिक्का मारला. पोच दिली.

सुनावणीला काका एकटेच होते, कारण हरकत एकच होती. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि ओठ दाबले. सभापतींना राहवलं नाही.

"काका, काकू पट्टीचे पैसे तिकडून मनीऑर्डरनं पाठवतात का हो?"

दोन-तीन जण हसले. मी काकांकडे बघितलं. म्हशीच्या वेळेसारखं काहीतरी येणार, सगळ्यांची तोंडं बंद होणार, याची मी वाट बघत होते. काकांनी समोरचा कागद सरळ केला. मग पुन्हा सरळ केला. हसणं आपोआप थांबलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "सोनकांबळे काका, फी जास्त वाटते का? तुमच्यापुरतं काही करता येईल. ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत देऊ."

"फी दुप्पट घ्या."

"मग अडचण काय आहे? कागदोपत्री एक नाव बदलायचं आहे. पाणी तर तुम्हालाच येणार."

मला त्यांची अडचण माहीत होती. रेशन, गॅस, बँक, सगळीकडून गेलेलं ते नाव आता वर्षातून एकदाच, दारासमोर उभं राहून कुणीतरी मोठ्यानं घ्यायचं, आणि आतून 'हाय' म्हणता यायचं. हे त्या दालनात सभापतींसमोर मांडता येण्यासारखं नव्हतं. मी मांडण्यासारखं तर नव्हतंच. काका एवढंच म्हणाले, "लेखी दिलेलं हाय," आणि उठले.

त्या दिवशी त्यांनी पोच मागितली नाही.

सर्वसाधारण सभेत विषय निघाला, 'वाचला असे समजण्यात यावे' असं कुणीतरी म्हणालं, आणि नियम मंजूर झाले. काकांच्या हरकतीपुढे 'दप्तरी दाखल' असा शेरा पडला. म्हणजे कागद सांभाळून ठेवायचा, पुढे काही करायचं नाही.

काकांनी अर्ज केला नाही. मुदत संपत आली तशी लातूरहून मुलीचे फोन येऊ लागले. जिन्यात उभं राहिलं की ऐकू यायचं. "हाव. करतो. उद्या करतो. हाव गं." मीही एकदा धीर करून म्हटलं, काका, अर्ज मी भरून आणू का? त्यांनी मान हलवली. नाही अशी.

शेवटी तोडणीची मोहीम निघाली. शेखमामू आणि एक फिटर आमच्या दारात आले. शेखमामूंच्या हातात नोटीस होती. ते सायकल धरून नुसते उभे राहिले.

"काका," त्यांनी हळूच हाक मारली.

काका बाहेर आले. "काका कशाला म्हणलालास? नोटीस कुणाच्या नावची हाय?"

"जाने देव ना, काका."

"नाव घे, शेख. हमेशा घेतोस तसं घे."

शेखमामूंनी नोटीस डोळ्यांजवळ धरली. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. "शेषाबाई," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "शेषाबाई दिगंबर सोनकांबळे."

"हाय," काका म्हणाले. "घरातच हाय. काप."

फिटरनं रस्त्याच्या कडेला खणून जोडणी बंद केली. काकांनी दोघांना चहा दिला. शेखमामूंनी तो उभ्यानं घेतला आणि कप खाली ठेवताना पायरीला हात लावून डोळ्यांना लावला.

त्यानंतर काका माझ्यासाठी पाण्याचे जार विकत आणू लागले. मी नको म्हटलं तर म्हणत, "भाडेकरूला पाणी देणं घरमालकाचं काम हाय." जार वर जिन्यात स्वतः आणून ठेवत. मधल्या पायरीवर थांबत, भिंतीला हात टेकत, आणि मी आले की लगेच हात काढून घेत. स्वतःसाठी कुठून आणत होते कोण जाणे. शर्टांना आता इस्त्री नसायची.

बेगमखाला मात्र जार विकत घेऊ शकत नव्हती. ती मागच्या वस्तीतल्या हातपंपावरून घागर आणायची. साठीची बाई. काका तिला म्हणायचे, जारमधलं घेऊन जा. ती घ्यायची नाही. एका सकाळी ती हातपंपाजवळच्या शेवाळावरून घसरली. घागर फुटली नाही, हात मोडला. प्लास्टर घालून आली तेव्हा काका तिच्या दारात गेले. मी पाठोपाठ गेले.

"खाला, मला बोलायचं की. मी आणून दिलं असतं."

खाला बाजेवर बसली होती. रागावलेली नव्हती. "भाईजान, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. शेषाआपा रहती तो तुमकू क्या बोल्ती, मालूम?"

काका उंबऱ्यावरच टेकले.

"बोल्ती, नाम कू क्या घोलके पीना है? पहले पानी लाव."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसले, म्हणजे तोंड तसं झालं. "हाव," ते म्हणाले. "असंच म्हणली असती. याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले. माझ्या टेबलावर नाही, नावबदलाच्या खिडकीवर. मी माझ्या जागेवरून बघत होते. खिडकीतला मुलगा नवीन होता, चांगला होता, त्याला काही माहीत नव्हतं. अर्ज काकांनी स्वतःच लिहून आणला होता. विषयाच्या ओळीत तेच शब्द, अक्षर न् अक्षर नीट. मुलानं मृत्यूचा दाखला बघितला, अर्ज बघितला, पेन उचललं.

"मयताशी नातं काय होतं, काका?"

"होतं कसं?" काका म्हणाले. "हाय."

मुलानं मान वर केली. काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं दुसरं काही विचारलं नाही. 'पती' असं लिहिलं. काकांनी फी भरली, परत जोडणीचीही भरली, काळ्या पेनानं सही केली आणि जाताना माझ्या टेबलाजवळ थांबले.

"म्याडम," ते म्हणाले. पावती न वाचताच घडी करून खिशात ठेवली आणि गेले.

जोडणी सुरू झाली. पाणी यायला लागलं. नळी भिंतीवरून पुन्हा खालाच्या अंगणात गेली. नगरपरिषदेच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. काका माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत, भाकरीही द्यायचे, पण त्यानंतर बाजाराच्या वसुलीचा एक मसुदा बोर्डावर लागला, तो ते वाचायलाही आले नाहीत. मुदत संपली. फाइलवर ते वाक्य मी लिहिलं. विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. वरिष्ठांनी 'अरे वा' म्हणत सही केली.

माझं कंत्राट संपलं तेव्हा उन्हाळा लागला होता. पाणी पंधरा दिवसांवर गेलं होतं. ज्या सकाळी मी नांदेडला निघाले, नेमकं त्याच सकाळी आमच्या गल्लीचं पाणी सुटलं होतं. बॅग घेऊन खाली आले तर अंगण ओलं, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत पाण्याचा ओघ. दारातलं टिपाड काठोकाठ भरून चारी बाजूंनी वाहत होतं आणि नळ पूर्ण सोडलेला होता. काका शेजारीच पायरीवर बसले होते. बनियनवर, गुडघ्यांवर हात ठेवून. पाणी त्यांच्या पावलांवरून वाहत नालीत पडत होतं.

त्या गावात असं पाणी वाहताना मी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या दारांतून बायका बघत होत्या. भिंतीपलीकडून बेगमखाला ओरडली, "भाईजान! पानी जारा ना!"

काका हलले नाहीत.

"काका," मी म्हटलं, "पाणी चाललंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या बॅगेकडे बघितलं.

"जाऊ दे, बाई," ते म्हणाले. "आता माझ्याच नावचं हाय."

खाला आली. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला. बऱ्या हातानं तिनं चावी फिरवून नळ बंद केला आणि तिथेच, त्या ओल्या पायरीवर, त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून बसली.

"निघ तू," काका मला म्हणाले. "बस चुकंल."